आईसपॅकला घाम फुटेपर्यंत

वरणगावहून निघताना

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने एकच प्रश्न विचारला, "डोंगरात चालले, पन त्या गुडघ्यायले इचारलं का?"

गुडघ्यांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. मी एकतीस वर्षं जळगाव जिल्ह्याच्या लस भांडारात काढली. लस थंड ठेवायची, थंडच पोचवायची आणि पोचली की तापमान वहीत लिहायचं, एवढंच आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर घरच्या केळीत लक्ष घालावं म्हटलं, तर पोरांनी तिथेही मला सल्लागार करून ठेवलं. म्हणजे बांधावर बसा आणि बोलू नका.

तेवढ्यात शिरपूरहून फोन आला. सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या पाड्यांवर ड्रोनने औषधं पोचवायची चाचणी होणार होती. उडवणारे होते, यंत्र होतं, पण पेटीत औषध कसं भरायचं हे नीट माहीत असलेला माणूस नव्हता. पाड्यांची यादी त्यांनी वाचून दाखवली आणि तिसरं नाव आमलीपाणी आलं. मी लगेच हो म्हणालो.

त्याचं कारण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला डेप्युटेशनवर मी एकदा आमलीपाणीला लस घेऊन गेलो होतो. घाई होती म्हणून आईसपॅक फ्रीजरमधून काढले ते तसेच पेटीत रचले. नियम असा आहे की पॅक बाहेर मांडून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा आणि कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तरच पेटीत घालायचे. कडक बर्फाला चिकटली की लस गोठते, आणि गोठलेली लस म्हणजे पाणी. मी नदी ओलांडून, दोन तास चढून पोचलो, कुप्या हलवून पाहिल्या तर आत दह्यासारख्या कण्या. समोर सकाळपासून बसलेल्या बाया, कडेवर पोरं. स्वतःचा इतका राग आला की त्यांच्यादेखत एकेक कुपी फोडून मी सगळी लस मातीत ओतली. ती परत आणायला हवी होती, हेही मला कळलं नाही. पुढच्या महिन्यात तिथे शिबिराला कुणी फिरकलं नाही. त्यानंतर मीही तो मार्ग दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि पुन्हा कधी गेलो नाही. याची लाज मला आजही वाटते.

बायकोने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पिकल्या केळ्यांची फणी बांधून दिली. भुसावळ, यावल, चोपडा असं करत निघालो. चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी, पुढे कपाशी, आणि उजव्या हाताला सबंध वेळ सातपुडा. भादव्यात तो इतका हिरवा असतो की जवळचाच वाटतो. चालायला लागलं की कळतं.

रस्ता संपतो तिथे

आमचा तळ होता रस्त्याच्या शेवटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. पुढे एक नदी, तिच्यावर बुटकी फरशी, म्हणजे पाण्यालगतचा पूल, आणि पलीकडे पाडे. तिथे वैशाली भेटली. वय पंचवीसच्या आतबाहेर, शिंदखेड्याकडच्या कपाशीवाल्याची मुलगी, आणि ड्रोन उडवायचं रीतसर लायसन असलेली. तिच्या वडिलांचा दिवसातून तीनदा फोन येई आणि पलीकडचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू जाई.

"पोर, तू इमान उडावस का पतंग?"

"इमान, बाबा."

"मंग त्यामा तू कोठे बसस?"

"मी खाले बसस, बाबा." मग ती माझ्याकडे बघून कपाळावर हात मारी. पण फोन तिने एकदाही टाळला नाही, हे मी पाहिलं.

ते यंत्र पाहून माझी थोडी निराशा झाली. सहा पंखे, चार पाय आणि पोटाखाली अडकवलेली पांढरी पेटी. मी ज्या पेट्या खांद्याला काचेपर्यंत वाहिल्या, त्यांच्यापुढे ही म्हणजे पोराचा डबा. पेटी मात्र चांगली होती. झाकण गच्च बसत होतं आणि तापमान दाखवणारी पट्टी झाकणातच होती. मी दोनदा उघडझाक केली आणि मनातल्या मनात तिला पास केलं.

रात्री जेवायला शेवभाजी होती. आमच्याकडची शेवभाजी तिखट म्हणतात, पण धुळे जिल्ह्यातली खाल्ली की आमची आजाऱ्याला द्यायची वाटते. वैशाली दोन वाट्या रस्सा प्यायली. मी पाणी पीत राहिलो.

आमलीपाणी

मंगळवारी मी ट्रॅक्टरने फरशी ओलांडली आणि पुढे चालत चढलो. गुडघ्यांनी बायकोची बाजू घेतली. आमलीपाणीला पूर्वी नव्हतं असं दोन खोल्यांचं उपकेंद्र झालं होतं आणि तिथे मंगला सिस्टर राहत होत्या. मूळच्या एरंडोलच्या, पण आठ वर्षांत पावरी बोली घरच्यासारखी बोलायला लागलेल्या. मोबाइलला रेंज मात्र मागच्या टेकडीवर चढल्याशिवाय नाही.

ड्रोन उतरायला सपाट जागा हवी होती. रेलीबाईचं खळं ठरलं. रेलीबाई साठीची, अंगाने वाळकी, हातात चांदीची जाड कडी. तिने आधीच सुनेला आणि शेजारणींना लावून खळं शेणाने सारवून घेतलं होतं. सिस्टरांनी सांगितलं होतं की पंख्यांचा वारा धूळ उडवतो, त्यावर बायांनी काढलेला हा तोडगा. आमच्याकडे खळी गेली, मळणीयंत्र थेट शेतात येतं, त्यामुळे सारवलेलं खळं बऱ्याच वर्षांनी पाहिलं. त्यावर पाय ठेवायचं धाडस होईना.

रेलीबाई माझ्याकडे बघत होती. मी पाणी पिऊन लोटा खाली ठेवला तशी म्हणाली, "तूच शे ना तो? दवाई माटीमा ओती देणारा?"

पावरा माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टर असो की देव. पण मला ते तू बरोबर लागलं.

"हो," मी म्हणालो. "मीच तो."

"मन्हा पोऱ्या कडवर व्हता. सकायपासून बठेल व्हतू आम्ही."

"माझी चूक झाली होती. दवाई खराब झाली होती, माझ्यामुळे."

तिने मान हलवली, पण ती कशासाठी हलवली ते कळलं नाही. मग तिने मला मक्याची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजी आंबट, वरून लसणीची फोडणी. मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि माफी मिळाली असं त्यातून धरायचं की नाही यावर विचार करत राहिलो.

दुपारी ड्रोन आला. आधी मोहोळ उठल्यासारखा आवाज, मग टेकडीवरून तो ठिपका. पोरं ओरडली, कोंबड्या पळाल्या, आणि तो खळ्याच्या मधोमध जाऊन बसला. पेटीत चाचणीसाठी मिठाच्या पाण्याच्या कुप्या होत्या. मी आणि सिस्टर उपकेंद्रातला जुना फ्रीज हलवत होतो, म्हणून पाचदहा मिनिटं उशिरा गेलो. तोवर बायांनी पेटी उघडून औषध वाटूनही टाकलं होतं.

म्हणजे आईसपॅक. एक तापलेल्या पोराच्या कपाळावर, एक म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर, एक रेलीबाईच्या गरोदर सुनेच्या पायांवर, आणि चौथा कुणीतरी शेजारच्या पाड्यावर दातदुखीसाठी घेऊन निघालं होतं. कुप्या बाजूला उन्हात, दगडावर ओळीने मांडून ठेवलेल्या. पाणी भरलेल्या बाटल्यांना कोण विचारतं? एवढा थाटात आकाशातून आलेला बर्फ, तेच औषध असणार. त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना.

टेकडीवर चढून पाठवलेले फोटो पाहून शिरपूरचे प्रकल्पाचे साहेब फोनवर नाराज झाले. चाचणी नापास लिहावी लागेल म्हणाले, लोकांची तयारी नाही. मी म्हटलं, तयारी आपण केली नाही. मला उद्याचा दिवस द्या.

म्हाताऱ्याच्या गुडघ्यावरचा पॅक मात्र मी लगेच काढून घेतला नाही. त्याला बरं वाटत होतं, आणि गुडघ्याचं दुःख मला कळतं.

सुमलीचं कार्ड

बुधवारी पहाटे रेलीबाईची सून, सुमली, बाळंत झाली. पहिलंच बाळंतपण, मुलगी झाली, दोघी चांगल्या. सिस्टरांनी मला तिचं कार्ड दाखवलं. रक्तगट निगेटिव्ह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर बहात्तर तासांत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर या बाळाला काही होत नाही, पण आईचं शरीर पुढच्या बाळाच्या रक्ताशी वैर धरतं. पोटातच जातं ते, किंवा जन्मून पिवळं पडून जातं. बाळाचा गट तपासायची सोय पाड्यावर नव्हती, म्हणजे द्यायचंच. इंजेक्शन शिरपूरच्या दवाखान्यात. गुरुवारी गाडी बोलवून सुमलीलाच खाली न्यायचं ठरलं.

सुमलीला हे पटेना. "मी बरी शे. पोर बरी शे. जो आजून वना नही, त्यानासाठे सुई?"

रेलीबाई चुलीपाशी बसली होती. ती वळून म्हणाली, "पुढला वरीसनं बियाणं आपण राखतस ना? तसंच शे." सुमलीने कार्ड घेऊन उशाशी ठेवलं.

मग मी रेलीबाईला पेटी शिकवायला बसलो. खरं तर सिस्टर होत्याच, पण सिस्टर एकट्या आणि पाडे चार. पेटी अडकवणीतून कशी सोडवायची ते तिने एकदाच पाहिलं आणि केलं. कुपी कोणती, बर्फ कोणता, हे दाखवलं. "दवाई हे एवढंसं. बर्फ तिचा राखणदार. राखणदाराला कामावरून काढलं तर दवाई मरते."

"आणि तू तव्हय काय करं?"

मी एक पॅक तिच्या कानाशी धरून हलवला. "आत पाणी वाजतं का?"

तिने ऐकलं. "वाजस."

"नुसता दगड असेल, वाजत नसेल, तर तो राखणदार दवाईला गोठवून मारतो. मी तेव्हा न वाजणारे आणले होते." एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला अशी उघड सांगितली. तिने पॅक माझ्याकडून घेतला, पुन्हा कानाशी धरला आणि बराच वेळ हलवत राहिली.

निघताना म्हणाली, "या टाईमले ओतजो नको."

दुपारी डोंगरावर ढग दाटले. ट्रॅक्टरवाल्याने घाई केली म्हणून उतरलो. संध्याकाळी पाणी आलं आणि फरशी मधूनच वाहून गेली. गुरुवारची गाडी कुठून येणार होती आणि कुठे जाणार होती, सगळंच मिटलं. झोळी बांधून माणसांनी खांद्यावर आणावं तर नदी छातीच्या वर.

शुक्रवार

गुरुवारी दिवसभर पाऊस. इंजेक्शन शिरपूरहून येऊन केंद्राच्या फ्रीजमध्ये बसलं होतं आणि वैशाली ओट्यावर ढगांकडे बघत बसली होती. बहात्तर तास शनिवारी पहाटे संपत होते. शनिवारीही पाऊसच सांगितला होता. अंधारात हे यंत्र उडवायची परवानगी नाही. म्हणजे हिशेब सोपा होता, जे काय ते शुक्रवारी दिवसाउजेडी.

सकाळी सिस्टरांनी टेकडीवर चढून फोन केला. पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली होती, त्या तिकडे निघाल्या होत्या. "संध्याकाळपर्यंत येते. औषध आलं तर रेलीबाई सांभाळेल," म्हणाल्या आणि फोन तुटला.

म्हणजे पेटीला तिथे काही तास थंड राहायचं होतं. मी दुपारी बारालाच चार आईसपॅक फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडले आणि जरा आडवा झालो. अडीचला पाऊस थांबला. वैशालीने हाक मारली. मी टेबलापाशी गेलो तर टेबल रिकामं.

केंद्रातले शिपाई भाऊ कौतुकाने म्हणाले, "नाना, तुम्ही बाहेर विसरले होते. मी लगेच आत ठेवून दिले. नाहीतर पाणी झालं असतं."

चार पॅक काढले. दगड. कानाशी धरून हलवले, काही वाजेना. भाऊंना काय बोलणार? पाड्यावरच्या बायांना जे वाटलं तेच सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटलं होतं, की बर्फ जपला म्हणजे झालं. मी त्यांना बादलीभर हापशाचं पाणी आणायला सांगितलं आणि पॅक त्यात बुडवले.

वैशाली आली. "नाना, भरा पेटी."

"थांब जरा. घाम फुटू दे."

"किती?"

"वीस मिनिटं. कदाचित जास्त."

"वारा फिरी राहिना, नाना. देखा तिकडे. आते नही उडं ते मंग आज नहीच." ती चिडली की शिंदखेड्याला परत जाते, हे मला तोवर कळलं होतं.

पश्चिमेला काळं चढत होतं. साहेबांचा फोन आला. बारा मिनिटांचा प्रवास, बारा मिनिटांत काय गोठतं म्हणे. मी सांगितलं, उडायला बारा मिनिटं, पण पेटी संध्याकाळपर्यंत बंद राहणार आहे आणि कुपी माझ्या करंगळीएवढी आहे. गोठलेलं इंजेक्शन दिसायला तसंच दिसतं. सिस्टर ते टोचतील, सगळ्यांना वाटेल काम झालं, आणि दोन वर्षांनी कळेल. साहेब म्हणाले, उडालंच नाही तर आजच कळेल, नाना. तेही खरं होतं.

न पाठवलं तर दोष माझा, घाईने पाठवलं तर दोष कुणाचाच नाही, कारण तो कुणाला दिसणारच नव्हता. नेमकं त्याचंच मला भय वाटलं. मी पेटीचं झाकण लावलं आणि पेटीवरच बसलो. साठी उलटलेला माणूस औषधाच्या पेटीवर बसलेला वैशालीने आधी पाहिला नसावा. ती ड्रोनपाशी गेली, बॅटऱ्या तपासल्या, मार्ग पुन्हा मांडला, आणि परत येऊन बादलीतले पॅक स्वतः उलटेपालटे करायला लागली.

सतराव्या मिनिटाला तिच्या हातातल्या पॅकमध्ये पाणी वाजलं. मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. चौथा अडून बसला. तो मी कुशीत धरला, शर्ट ओला झाला, दात वाजले, पण वाजायला लागला तोही. पुसून भरले, मध्ये पुठ्ठा, कुपी मधोमध, झाकण बंद.

"चला," मी म्हणालो. ती आधीच उचलून पळाली होती.

उडाला तेव्हा थेंब नव्हते, पण वारा होता. नदीवर तो एकदा कलला. वैशालीचे ओठ घट्ट मिटलेले, नजर पडद्यावर. मी तिच्या मागे उभा राहून तोच पडदा बघत होतो. लाल पाणी, तुटलेली फरशी, मक्याची शेतं, मग सारवलेलं खळं. पावसाने सारवण धुऊन गेलं असेल म्हणून मला धास्ती होती. खळं ओलं पण गुळगुळीत होतं. दुपारी पाऊस थांबताच कुणीतरी पुन्हा हात फिरवला होता.

तो बसला. चित्र अडखळत होतं, मध्येच थिजत होतं. आधी पाय दिसले, चांदीची कडी दिसली, मग रेलीबाई उकिडवी बसली. तिने अडकवण सोडवली, पेटी ओढून घेतली. झाकण उघडलं. कुपीला हात लावला नाही. एक पॅक काढला, कानाशी धरला आणि हलवला.

आवाज येत नव्हता. नुसतं तिचं तोंड दिसत होतं, डोळे बारीक केलेले. मग तिने पॅक परत जागेवर ठेवला, झाकण दाबून बसवलं, पेटी पदराखाली घेतली आणि चित्रातून निघून गेली. वैशालीने मोकळा ड्रोन उचलला. तो परत अंगणात उतरला आणि चार-पाच मिनिटांत पाऊस कोसळला.

"नाना," वैशाली म्हणाली, "तुम्ही दोन मिनिटं आजून बसतात ना, ते मी तुम्हले पेटीसंगे उडाई देती."

रविवार

शनिवार सबंध पावसात गेला. एवढ्या पावसात टेकडीवर कोण चढणार, त्यामुळे पलीकडून काही कळायला मार्ग नव्हता. सिस्टर वेळेवर पोचल्या का? पेटी थंड राहिली का? मी केंद्राच्या ओट्यावर बसून केळी संपवली आणि भाऊंना आईसपॅकचं सगळं शास्त्र दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "आता बसा तठीच, डोंगर आवडला तुमाले." पण नंतर हळूच विचारलं, "त्या पोरीचं काय झालं?"

रविवारी उघडलं. वैशालीने ड्रोन रिकाम्या अडकवणीने पाठवला आणि तो पेटी घेऊन आला. तिने ती उघडायला मला दिली.

आत आईसपॅक होते, चारही, मोजून परत केलेले. मक्याची दोन कोवळी कणसं होती. सिस्टरांची चिठ्ठी होती: शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला सुमलीला दिलं, पेटी उघडली तेव्हा पट्टीवर पाच अंश होते, हवं तितकंच थंड, फरशी होईपर्यंत माझी चहापावडर पाठवा. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं, "रेलीबाई सांगायला लावते आहे, की ओतलं नाही."

मक्याच्या सालीत गुंडाळलेलं आणखी काही होतं. सोडवलं तर इंजेक्शनची कुपी निघाली. ती परत पाठवायची पद्धत नाही, टाकून द्यायची असते, पण रेलीबाईने पाठवली होती. इतक्या वर्षांच्या सवयीने मी ती कानाशी धरली आणि हलवली. आत काही नव्हतं.